पुंडलिक, सातवं गाणं ऐकलं

पुंडलिक,

तुझ्या मातीला मी आलो नाही. बँडमधले सगळे आले होते. ट्रम्पेटवाला आला, ढोलवाला आला, ज्याच्याशी तुझं एकही दिवस पटलं नाही तो ताशेवालासुद्धा सकाळच्या पहिल्या एसटीनं जळगाव जामोदला पोचला. मी इथं पिंपळगाव राजाला, घरी बसून क्लॅरिनेटच्या चाव्या पुसत होतो. शोभावहिनींचा फोन आला तेव्हा त्या रडत नव्हत्या. "दामूभाऊ, हे गेले. तुम्हाले सांगायचं का नाही, लय इचार केला," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. चार वर्षं तुझ्याशी एक शब्द बोललो नव्हतो. आता कशाला, असं मनात आलं. खोटं कशाला लिहू, असंच आलं.

तुझी तेरवी होऊन आज आठ दिवस झाले. आता लिहायला बसलो आहे, कारण भांडायला समोर कोणी नाही.

तुझी माझी पहिली भेट वरातीत झाली. तुमच्या जळगाव जामोदलाच. नवरदेव घोड्यावर, पोरं नाचतायत, आणि एक दाढीवाला माणूस भर उन्हाळ्यात स्वेटर घालून माझ्यासमोर उलटा चालतोय, कान क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावून. मला वाटलं, घेतलेली आहे. गाणं संपल्यावर तू म्हणालास, "मधात चुकलास."

"बे, चालत चालत वाजवून राह्यलो. होते चूक."

"तेच वाजव. चुकलेलं. बाकीचं मले माहीत हाय."

मी तुला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी तू पन्नासेक किलोमीटर एसटीचे धक्के खात माझ्या दारात उभा. तोच स्वेटर. मायनं तुला पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि तू कळण्याची भाकर खाता खाता तिला विचारलंस, "माय, तुमच्या गावची चक्की कोन्या सुरात फिरते?" मायला तू त्याच दिवशी आवडलास. आमच्या घरात हसणं कमी झालं होतं. त्या दिवशी ती हसली.

पुण्यात एका बुवांकडे सात वर्षं गाणं शिकून तू परत आला होतास. बुवांनी तुला काढलं की तू पळालास, हे तू मला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितलंस. तिथल्याच एका हॉटेलात सॅक्सोफोन वाजवणारा एक म्हातारा तुला भेटला, त्यानं तुझ्याही हातात सॅक्सोफोन दिला, आणि सकाळी भैरव, संध्याकाळी जॅझ असं तुझं डोकं दोन ठिकाणी राहू लागलं. गावी आलास तेव्हा तुला आमचा बँड दिसला. तू म्हणायचास, "पुण्यातले लोक ज्याच्यासाठी परदेशात जातात, ते अठी वरातीत घामाघूम होऊन चाललंय."

मग तू तुझं 'गाठोडं' बांधायला घेतलंस. अल्बम हा शब्द तुला चालायचा नाही. "लोकाईनं जे फेकलं ते मी फडक्यात बांधून राह्यलो," म्हणायचास. खामगावजवळच्या एका कापसाच्या गोदामात तू आम्हाला बसवलंस. भोवती कापसाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या, त्यामुळे आवाज कुठं आपटायचा नाही. तंबोऱ्याच्या जागी तू पिठाच्या चक्कीचा आवाज लावलास. ट्रम्पेटवाला म्हणाला, "भाऊ, आम्ही कायच्यात वाजवाचं?" तू म्हणालास, "पिठात." आम्ही महिनाभर पिठात वाजवलं. पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, डफावरची कवनं, आणि त्यांच्यामधून रागाची एखादी सरळ तान, आणि मग मी, तोल सुटल्यासारखा. मला तू काही लिहून द्यायचा नाहीस. "दामू, घरी जाताना एसटी सुटली तुही. आता वाजव." मी वाजवायचो. पंचवीस वर्षं लग्नं वाजवणाऱ्या माणसाच्या आत असं काही आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते तू सांगितलंस. एवढं तुझं देणं मी मान्य करतो, आणि आज ते मान्य करताना सुद्धा दातात खडा आल्यासारखं होतं.

आपलं एक भांडण कधीच मिटलं नाही. तू म्हणायचास, वरातीत कोणी ऐकत नाही, लोक नुसते नाचतात. मी म्हणायचो, नाचणं हेच त्यांचं ऐकणं. तू म्हणायचास, "आयकणं म्हणजे शेवटपर्यंत बसणं." पुंडलिक, हे वाक्य तू मला किती वेळा म्हणालास रे.

सिंधूबद्दल मी तुला त्या गोदामातच सांगितलं होतं. दुपारची सुट्टी होती, बाकीचे चहाला गेले होते. तुला सोडून मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

सिंधू माझी धाकटी बहीण. लहानपणी भुलाबाई बसली की सगळ्या गल्लीच्या पोरी तिच्यामागे गायच्या, आणि गाण्यात ती आपल्याच मनाचे शब्द घालायची. तिला सोनाळ्याला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आली. मग तिच्या दिराचं लग्न निघालं आणि सासरचं बोलावणं आलं. ती म्हणत होती, मले नाही जायचं. शेवटी निघाली. मी तिला जळगाव जामोदपर्यंत नेलं आणि सोनाळ्याच्या गाडीत बसवलं. पुढं गावापर्यंत जायला हवं होतं, पण संध्याकाळी खामगावला माझी लग्नात वाजवायची सुपारी होती. पिशवी खिडकीतून आत घेताना ती म्हणाली, "दादा, गावापर्यंत चालला असता त बरं झालं असतं." मी तिला मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

बारा दिवसांनी निरोप आला. लग्नघरात पाण्याचे हंडे उचलता उचलता तिच्या पोटात दुखायला लागलं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. ती गेली, बाळही गेलं.

त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. फक्त माय कधी कधी एकटी असली की सिंधूच्या भुलाबाईच्या चालीवर काहीतरी गुणगुणायची. शब्द कळायचे नाहीत. मी दारात आलो की ती थांबायची.

हे सगळं सांगून मी तुला म्हणालो होतो, "पुंडलिक, तू मायजवळ बसतं, निवडाले टिपाले लागतं. ते गाणं तुह्या कानावर पडन. ते गाठोड्यात नाही जायचं."

तू म्हणालास, "नाही जाणार." माझ्या हातावर हात ठेवून म्हणालास.

मग गाठोडं लोकांना ऐकवायचा तो दिवस. बुलढाण्याचा हॉल, पुण्याहून आलेली जाणकार मंडळी, आम्ही बँडवाले पहिल्या रांगेत, नव्या शर्टांत अवघडलेले. तू एकेक गाणं लावत होतास. सहाव्या गाण्यात माझी क्लॅरिनेट होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या एका बाईंनी पुढं येऊन मला नमस्कार केला. मी आयुष्यात एवढा उंच कधी झालो नव्हतो. आणि तू सातवं गाणं लावलंस.

चक्कीचा आवाज. त्यावर माझी माय.

दोन ओळींत मला सिंधूची चाल ओळखू आली, बास. मी उठलो. आमच्यातल्या कोणालाच त्या गाण्याचा पत्ता नव्हता. माझ्या पाठीमागे, मला वगळून, तू ते कधी केलंस, हे मला तेव्हा समजेना. मी भर सभेत ओरडलो, "हा चोर आहे! माह्या मायचं दुःख चोरून अठी विकाले बसला!" लोक वळून पाहू लागले. तू स्टेजवर कानाची पाळी धरून उभा होतास. एवढंच म्हणालास, "दामू, बस. पूर्ण आयक."

मी निघून आलो. मायला सांगितलं, तुझ्या पुंडलिकनं काय केलं बघ. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि "जाऊ दे" म्हणून चुलीपाशी गेली. मला वाटलं, तिला वर्मी लागलंय. त्या दिवसापासून तुझं नाव मी आमच्या घरातून काढलं. आमच्या घराला तशी सवय होतीच.

तू दोनदा आलास. पहिल्यांदा मी दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा तू ओट्यावर बसून राहिलास, माय आतून म्हणत होती, "त्याले चहा त दे रे," आणि मी ऐकलं नाही. पण मी एवढ्यावर थांबलो नाही. तू दुसरं गाठोडं बांधायला घेतलंस तेव्हा मी आपल्या सगळ्या बँडवाल्यांना बसवून सांगितलं, जो पुंडलिककडे जाईल त्यानं माझ्याकडे येऊ नये. बिचारे हातावर पोट असलेले लोक. कोणी तुझ्याकडे आलं नाही. खामगावच्या बँडमधलंही नाही, नांदुऱ्याच्याही नाही; माझा शब्द तिथवर पोचला होता. तू शोधत फिरत होतास हे मला कळायचं, आणि मला बरं वाटायचं. तुझं पहिलं गाठोडं शेवटचं ठरलं, ते माझ्यामुळं.

तेरवीच्या दिवशी सकाळी माय नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर आली. "मले जळगावले ने."

"कायले?"

"पुंडलिकच्या घरी."

"मी नाही येत."

"नको येऊ. मी एकटी जातो एसटीनं."

सत्तरी ओलांडलेली बाई. एकटीला कसं पाठवणार? मी निघालो. जळगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ती चालेना. बाकावर बसली. समोर सोनाळ्याची गाडी लागलेली होती, माणसं चढत होती. ती त्या गाडीकडे पाहत म्हणाली, "त्यानं चोरलं नाही. म्या देलं."

मला आधी कळलंच नाही.

"तू खामगावले गेलता सुपारीले. आम्ही दोघं वालाच्या शेंगा सोलून राह्यलो होतो. मीच म्हनलं, बाबू, हे घे तुह्या त्या आवाजाच्या डब्यात. तो नाही म्हने. म्हने, दामूले जबान देली. म्या म्हनलं, गानं माहं हाय. दामूचं नाही, तुहं नाही."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

माय माझ्याकडे वळली. "तुह्या तोंडावर म्हनता आलं असतं, त मले त्याचा माईक कायले लागला असता?"

तिनं तुला शपथ घातली होती. दामूला सांगायचं नाही, त्या गाण्यात त्याला वाजवायला बसवायचं नाही, तो ऐकेल तेव्हा त्याचं त्याला कळेल. "मले वाटलं, तू तठी बसून आयकशीन. तू आयकलंच नाही. मंग माही हिंमत नाही झाली. चार वर्सं नाही झाली."

मी विचारलं, "मी त्याले चोर म्हनत होतो. तू आयकत होती ना, माय?"

"हाव," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

तुझ्या घरी शोभावहिनींनी मायचे हात धरले. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं नाही. जेवणं उरकल्यावर तुझ्या खोलीत नेलं. भिंतीला अजून कापूस चिकटवलेला आहे. त्या म्हणाल्या, "एका शब्दापायी तुम्ही सगळ्याईले याहीच्यापासून तोडलं. मी रोज म्हनत होती, सांगून टाका. हे म्हनत, मायनं सांगतलं त सांगतो." त्यांनी गाणं लावलं आणि दार ओढून घेतलं.

शेवटपर्यंत बसलो, पुंडलिक.

चक्की फिरते. माय गाते, तिचा श्वास कमी पडतो, तू तो तसाच ठेवलास. मध्ये तुझा सॅक्सोफोन येतो, अगदी खालून, ओट्यावर कोणी येऊन बसावं तसा. मग बराच वेळ नुसती चक्की. शोभावहिनी नंतर म्हणाल्या, ती जागा तू माझ्यासाठी मोकळी ठेवली होतीस. मला नाही पटत. मोकळ्या जागा तुला आवडायच्याच. आणि मग शेवटाला, जिथपर्यंत मी कधी पोचलोच नाही, तिथं माय म्हणते:

मीच म्हनलं जाय, त्यानं पिशवी उचलली,
चूक मायची झाली, लेकानं गियली.

जा म्हणून सिंधूला धाडणारी माय होती आणि ती चूक मी गिळून बसलो होतो, हे मी सोळा वर्षांनी ऐकलं. तू चार वर्षांपूर्वीच ऐकलं होतंस. पुण्याच्या जाणकारांनी ऐकलं, त्या नमस्कार करणाऱ्या बाईंनी ऐकलं, ताशेवाल्यानं तर मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं, माझ्यासमोर लावायला घाबरत होता. माझ्या आईनं मला सोडवलं होतं, आणि ते मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

लोक आता म्हणतात, पुंडलिक मोठ्या मनाचा माणूस. शपथ पाळली, चोर म्हणवून घेतलं, तोंड उघडलं नाही. मला याचाच राग येतो. एवढं मोठं मन तुला कोणी मागितलं होतं बे? मला दिलेला शब्द तू मोडलास, तो मोडलास ते बरंच केलंस, मग तिला दिलेला तेवढा लोखंडाचा कसा निघाला? एक शब्द मोडणाऱ्याला दुसरा मोडायला काय झालं होतं? ओट्यावर बसला होतास तेव्हा दाराच्या फटीतून ओरडायचं होतंस. बँडवाल्यांना बोलावून सांगायचं होतंस. तुझं दुसरं गाठोडं माझ्या हातून सुटून मातीत जात होतं आणि तू मला ते करू दिलंस. माय आणि तू, तुम्ही दोघांनी शेंगा सोलता सोलता माझ्या आयुष्याची गोष्ट ठरवून टाकली आणि मला दाराबाहेर ठेवलं. याला मी माया म्हणू? म्हणतो कधी कधी. मग पुन्हा संताप येतो.

आणि तरी तू नसतास तर ते शब्द मायच्या पोटातच राहिले असते, तिच्याबरोबरच गेले असते. हेही मला माहीत आहे. दोन्ही माहीत असणं फार वाईट.

घरी आल्यावर दोन दिवस आम्ही मायलेक कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो, एक जुडी ओढली आणि म्हणालो, "माय, मी तिले गावापर्यंत सोडाले पाह्यजे होतं."

मला वाटलं ती म्हणेल, नाही रे, तुझी काय चूक. तिनं काडी मोडली आणि म्हणाली, "हाव. पाह्यजे होतं." पुढची काडी हातात घेत म्हणाली, "अन् म्या तिले धाडाले नव्हतं पाह्यजे."

आम्ही निवडत राहिलो. मग ती एकदम म्हणाली, "सिंधूले मेथीची भाजी नव्हती आवडत. कच्ची मात्र मूठमूठ खाये."

सोळा वर्षांनी नाव निघालं. मी म्हणालो, आणि दात हिरवे करून गल्लीभर फिरायची. माय हसली. मग ती बोलत राहिली, मी बोलत राहिलो, ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी भाजी चुलीवर गेली नव्हती.

दुपारी मी बँडवाल्यांना बोलावलं आणि जे आहे ते सांगितलं. तुला चोर म्हणालो ते भरल्या हॉलमध्ये. हे सांगितलं अंगणात, सहा माणसांसमोर. ताशेवाला तेवढा उठून गेला.

पुंडलिक, मी काय लायकीचा आहे ते आता मला ठाऊक झालंय. तुझ्या पायावर डोकं ठेवायला मी उद्या आलो असतो, परवा आलो असतो, उशिरा का होईना, आलो असतो. तू आधीच निघून गेलास, तेवढीही सोय ठेवली नाहीस. बाकी सगळं तुला माफ केलं. हे नाही करत.